आधी दादा गेले की अब्बा? मृत्यूची नोंद आणि वारसांचा हक्क

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या अम्मीला घेऊन घरी आला. सहावी-सातवीत तो माझ्या वर्गात होता. आता हिंगणघाटला गॅरेजमध्ये काम करतो. चहा झाला, खुशाली झाली, पण दोघेही उठेनात. शेवटी अम्मीनेच विषय काढला.

"मॅडम, आमच्या घराची वाटणी निघाली आहे. याचे चाचा म्हणतात, तुझे मियाँ त्यांच्या अब्बांच्या आधी गेले, म्हणून तुझ्या लेकरांना दादाच्या घरात हिस्सा नाही. मी म्हणते, आधी सासरे गेले, मग हे गेले. पण दाखवायला माझ्याकडे कागद नाही."

चाचा काही वाईट माणूस नव्हे. याच मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यांनी केलेला मला माहीत आहे. पण दोन्ही इंतकाल जवळजवळ 27 वर्षांपूर्वीचे. एवढ्या काळात माणसाच्या आठवणीत वर्षे एकमेकांत मिसळतात. घरात सगळ्यांना एवढेच आठवत होते, की दादा रमजान ईदनंतर गेले आणि अब्बा बकरी ईदच्या काही दिवस आधी. पण ही बकरी ईद त्याच सालची की त्याच्या आदल्या सालची, यावर दोन मते होती. आणि सगळा निकाल त्यावरच अवलंबून होता.

एका तारखेवर काय अवलंबून असते

आपल्या मिरासच्या कायद्यात हिस्सा त्यालाच मिळतो, जो मय्यताच्या वेळी जिवंत आहे. बाप जिवंत असताना मुलगा वारला आणि बापाचा दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाची मुले दादाच्या वारसांत येत नाहीत. पण बाप आधी वारला आणि मुलगा त्यानंतर एकच दिवस जगला, तरी बापाच्या मालमत्तेतला त्याचा हिस्सा त्या दिवशी त्याचा झाला. पुढे तो त्याच्या आईला, बेवा पत्नीला आणि मुलांना मिळतो. आलिम लोक याला मुनासखा म्हणतात.

या घराचा हिशोब सांगते. दादांच्या मागे त्यांची बेवा, दोन मुलगे आणि एक मुलगी होती. बेवेचा आठवा हिस्सा काढल्यावर उरलेले सात अष्टमांश मुलगे आणि मुलगी यांच्यात 2:2:1 या प्रमाणात जातात. म्हणजे प्रत्येक मुलाला 7/20, शंभरात 35. माझ्या विद्यार्थ्याचे अब्बा दादांनंतर गेले असतील, तर घराचे शंभरातले 35 भाग त्यांचे, आणि त्यातून त्यांच्या आईचा हिस्सा वजा जाता बाकी बेवा व मुलांचे. आधी गेले असतील तर काहीच नाही. मधले काहीच शक्य नव्हते.

म्हणून मृत्यूचा दाखला केवळ बँकेसाठी आणि विम्यासाठी लागतो, असे समजू नये. सूरह निसाच्या 11 व्या आणि 12 व्या आयतींमध्ये अल्लाहने ठरवून दिलेले हिस्से बरोबर वाटायचे, तर कोण केव्हा गेले हे आधी पक्के हवे. त्याच सूरतीच्या 10 व्या आयतीत यतीमांचा माल नाहक खाणाऱ्यांना दिलेला इशारा आपण जाणतो. चुकीच्या आठवणीवर केलेली वाटणीही यतीमाचा हक्क बुडवते, मग नियत कितीही साफ असो.

नोंद कुठे असते? जिथे मृत्यू झाला तिथे

अम्मीने गावच्या ग्रामपंचायतीत आधीच चौकशी केली होती. सासऱ्यांचे नाव सापडले, नवऱ्याचे नाही. त्यामुळे त्या हताश झाल्या होत्या. मी विचारले, "ते कुठे वारले?" त्या म्हणाल्या, "नागपूरच्या दवाखान्यात. मय्यत गावी आणली आणि इथेच दफन केले."

इथेच बहुतेक लोक चुकतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 प्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या हद्दीच्या निबंधकाकडे होते. माणूस राहतो कुठे किंवा दफन कुठे झाले, याचा त्याच्याशी संबंध नाही. महाराष्ट्रात हा कायदा 1970 च्या एप्रिलपासून लागू आहे. गावात घरी मृत्यू झाला तर नोंद ग्रामपंचायतीत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी रेल्वे या गावांत नगर परिषदेकडे. सेलू, समुद्रपूर, आष्टी आणि कारंजा इथे आज नगर पंचायती आहेत; त्या होण्यापूर्वीची रजिस्टरे ग्रामपंचायतीच्या काळातली असतात, हे लक्षात ठेवून मागावे.

आपल्या जिल्ह्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथल्या मोठ्या दवाखान्यांत यवतमाळ, चंद्रपूरकडचेही रुग्ण येतात. तिथे मृत्यू झाला तर नोंद वर्धा जिल्ह्यात, मग मय्यत वणीला नेली असो की दारव्ह्याला. उलट आपला माणूस नागपूरला वारला तर नोंद नागपूरला. दवाखान्यातल्या मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. कोणत्या कार्यालयाला कळवले, हे तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात विचारावे. धावत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथली नोंद. हजला किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेला भारतीय तिथे वारला, तर तिथल्या भारतीय दूतावासात नोंद होते आणि आपल्या कायद्याच्या कलम 20 प्रमाणे ती ग्राह्य असते.

ईदवरून तारीख कशी काढावी

नागपूरला जायचे तर तारीख हवी. "बकरी ईदच्या आधी" एवढ्यावर एवढ्या मोठ्या शहरातली रजिस्टरे कोण चाळणार?

मी त्यांच्या गावी गेले. मशिदीच्या जिम्मेदार साथींनी कब्रस्तानचे जुने रजिस्टर काढून दिले. उर्दूत, शिकस्ता हातात लिहिलेले, कडा खाल्लेले. माझी उर्दू त्या दिवशी कामी आली. एका पानावर नाव सापडले, पुढे 3 ज़िलहिज्जा 1418, आणि शेरा होता की मय्यत नागपूरहून आली. हिजरी 1418 चा ज़िलहिज्जा म्हणजे 1998 चा मार्च-एप्रिल. चाचा म्हणत होते 1997. पण कब्रस्तानचे रजिस्टर म्हणजे दफनाची नोंद, मृत्यूचा दाखला नव्हे. तिचा उपयोग शोधाची दिशा मिळण्यापुरता. तेवढा मात्र खूप मोठा.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून साधारण 11 दिवसांनी लहान असते. म्हणून 33 हिजरी वर्षे म्हणजे सुमारे 32 इंग्रजी वर्षे. घरात बरसी हिजरी तारखेने होत असेल आणि बुजुर्ग "तेहेतिसावी बरसी झाली" म्हणत असतील, तर 32 वर्षे मागे पाहावे. सणही दरवर्षी सरकतो. 1992 मध्ये रमजान मार्चमध्ये होता, 1998 मध्ये तो जानेवारीत आला. "रोजे होते आणि थंडी होती" किंवा "मोहर्रम होता आणि पेरणी चालली होती", असे काही बुजुर्गांना आठवले तरी दोन-तीन वर्षांच्या आत पोहोचता येते. घरातल्या कुरआन शरीफच्या गिलाफात, जुन्या डायरीत, लग्नपत्रिकेमागे कुणी तारीख लिहून ठेवली आहे का, तेही पाहावे.

नाव कसे शोधावे

आपली नावे रजिस्टरात शोधणे हे एक वेगळेच काम आहे. शाळेत दाखल-खारिज रजिस्टर हाताळताना मला याचा रोज अनुभव येतो. महेबूब, मेहबूब, महबूब, रज्जाक, रझाक, शेख आधी, शेख नंतर, किंवा नुसते "शे."; खान कधी आहे, कधी नाही. जुन्या कागदांत "वल्द" लिहून बापाचे नाव आणि "जौजे" लिहून नवऱ्याचे नाव असते. बायांचे नाव कित्येकदा फक्त "बी" लावून लिहिलेले असते. आधार कार्डावर पूर्ण नाव आणि रजिस्टरात गावातले हाकेचे नाव, असेही होते.

म्हणून अर्जात एकच स्पेलिंग देऊन थांबू नये. नावाचे संभाव्य प्रकार, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, अंदाजे वय, मोहल्ला, तारखेच्या आगेमागे काही महिने, हे सगळे लिहावे. खबर देणाऱ्याचे नाव आठवत असेल तर तेही लिहावे, कारण रजिस्टरात त्याचीही नोंद असते. नवऱ्याच्या नोंदीत तसेच झाले. नाव चुकीचे लिहिले होते, पण खबर देणारा म्हणून चाचांचेच नाव होते. त्या धक्क्यात आपण सही केली, हे ते विसरून गेले होते.

अर्ज, शोध आणि प्रमाणित प्रत

कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कोणालाही ठरलेले शुल्क भरून रजिस्टरात शोध घ्यायला लावता येतो आणि नोंदीचा प्रमाणित उतारा मागता येतो. त्यासाठी दलाल लागत नाही. अर्ज साधा असावा: कोणाची नोंद, कोणत्या काळातली, तुमचे नाते, किती प्रती हव्या. अर्जाची पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळेल, याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. मुदतीत काम झाले नाही तर त्याच कायद्याखाली अपील करता येते.

"जुने रजिस्टर नाही" असे उत्तर आम्हालाही एका कार्यालयात तोंडी मिळाले. आम्ही वाद घातला नाही. "हेच लिहून द्या," एवढेच म्हटले. दुसऱ्या फेरीला रजिस्टर सापडले. खरोखर शोध घेऊनही नोंद मिळाली नाही, तर कार्यालय नमुना 10 मध्ये नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र देते. ते जरूर घ्यावे, पुढच्या प्रत्येक पायरीवर ते लागते.

अलीकडच्या नोंदी संगणकावर आहेत आणि त्यांच्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो. जुन्या हस्तलिखित नोंदींसाठी मात्र कार्यालयातच जावे लागते. प्रती एकदम पाच-सहा घ्याव्यात. बँक, विमा, पेन्शन, घराची नोंद, शेतीची वारस नोंद आणि बेवेसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, अशा अनेक ठिकाणी तो मागतात. दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते, ते उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. ते नाही म्हणून दाखला अपुरा आहे असे समजू नये.

नाव चुकले असेल तर कलम 15 खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतात. त्यासाठी शाळेचा दाखला, जुने रेशन कार्ड, मतदार यादी असे पुरावे गोळा करावेत.

त्याहूनही जुनी नोंद हवी असेल तर

वर्धा जिल्हा 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. 1956 पर्यंत आपण मध्यप्रांत आणि मग मध्यप्रदेशात होतो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. त्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहीत असे. त्याला विदर्भात कोतवाल बुक म्हणतात, आणि त्याची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. या नोंदींत अनेकदा जात लिहिलेली असते. आपल्या समाजातल्या मोमीन, बागवान, अत्तार, छप्परबंद, पिंजारी अशा कुटुंबांतील मुलांना जात पडताळणीत इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. परदादाच्या मृत्यूची एक ओळ कधी कधी पणतूचा प्रवेश वाचवते. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा मूल नववी-दहावीत असतानाच ही नक्कल काढून ठेवावी.

नोंदच झाली नसेल तर

मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यायची असते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ नोंदणी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. आपल्याकडे वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशी उपविभागीय कार्यालये आहेत.

2025 च्या सुरुवातीला राज्यात अशा उशिराच्या नोंदींचे आदेश थांबवण्यात आले होते आणि मार्चमध्ये अधिक कडक कार्यपद्धती आली. पुरावे बारकाईने तपासले जातात. म्हणून हात जोडून सांगते, "दोन दिवसांत करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोटा किंवा कच्च्या पुराव्यावरचा दाखला पुढे रद्द होतो आणि गुन्हा त्या गरीब घरावर येतो. नमुना 10, कब्रस्तानची नोंद, दवाखान्याचे कागद आणि रेशन कार्डावरून नाव कमी केल्याचा पुरावा, असे खरे कागद जोडून सरळ मार्गाने जावे. वेळ लागेल, पण कागद टिकेल.

आजचे इंतकाल

हे सगळे जुने झाले. पण आज आपल्या मोहल्ल्यात होणाऱ्या मृत्यूंचे काय? आपल्याकडे जनाजा लवकर उठतो, आणि ते बरोबरच आहे. मात्र दफनानंतर कागदाचा विषय काढणे लोकांना अशोभनीय वाटते. बेवा 4 महिने 10 दिवस इद्दतमध्ये असते, ती कार्यालयात जाणार नाही. चाळीसवा करणारी घरे चाळीस दिवस मोजतात. कायदा मात्र 21 च मोजतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातल्या एका समंजस माणसावर हे काम सोपवावे. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे, ते विनाशुल्क असते. नाव आधार कार्डाप्रमाणे लिहून न्यावे आणि दाखला हातात पडताच तिथेच वाचून पाहावा. खबर देणाऱ्याला पहिला दाखला मोफत मिळतो.

कब्रस्तान कमिट्यांना एक विनंती. दफनभूमीची देखरेख करणाऱ्याने मृत्यूची माहिती निबंधकाला द्यावी, असे कलम 10 मध्येच आहे. आपले रजिस्टर नीट ठेवावे, हिजरी आणि इंग्रजी दोन्ही तारखा लिहाव्यात, मय्यत कुठून आली तेही लिहावे. आणि दफनाची चिठ्ठी देताना घरच्यांना एक वाक्य सांगावे: 21 दिवसांत नोंद करा.

ज्यांचा तरुण मुलगा आधीच गेला आहे आणि घरात यतीम नातवंडे आहेत, त्या बुजुर्गांनीही विचार करावा. वारस म्हणून त्या मुलांना हिस्सा नसेल, पण एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, जिवंतपणी हिबाही करता येतो. आलिमांना विचारून हे लेखी करून ठेवावे.

दोन दाखले

नागपूर महानगरपालिकेतून उतारा मिळाला, तेव्हा माझा विद्यार्थी तो घेऊन थेट चाचांकडे गेला. मी सोबत होते. त्याने दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. दादांचा 14 फेब्रुवारी 1998. अब्बांचा 31 मार्च 1998. मधले अंतर 45 दिवस.

चाचांनी चष्मा लावला आणि खूप वेळ पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे अब्बांच्या दफनाला भाईजान होते. खांदा द्यायला माझ्यापुढे तेच होते. मी हे कसे विसरलो?" कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला जवळ बसवले आणि म्हणाले, "बरे झाले तू कागद आणलास. उद्या मला तिथे जबाब द्यायचा होता."

फुफूंचा हिस्साही त्याच बैठकीत निघाला. इतकी वर्षे त्यांनी तो मागितला नव्हता, आणि कोणी दिलाही नव्हता.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, व्यवहार लहान असो की मोठा. मेलेल्या माणसाच्या मागे उरतात तेही देणेघेणेच असते. या महिन्यात एक संध्याकाळ काढा. घरातल्या बुजुर्गांना जवळ बसवा आणि तीन पिढ्यांची यादी करा: नाव, बापाचे नाव, इंतकालाची जागा, तारीख, दाखला आहे की नाही. ज्यांच्यापुढे "नाही" लिहावे लागेल, त्यांच्यापासून सुरुवात करा. ज्यांना आठवते ती माणसे आज आपल्यात आहेत.